दूध, पितळ आणि बाळाचे यकृत

दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत औरंगपुऱ्यातील आमच्या जुन्या घराचा माळा वर्षातून एकदा रिकामा होतो. घंगाळ, कळशी, दुधाची चरवी, दोन-तीन पातेली आणि तान्ह्या बाळाला दूध पाजण्याचे पितळी बोंडले अशी सारी भांडी खाली उतरतात, चिंच लावून घासली जातात, अंगणातल्या उन्हात झळाळतात आणि पुन्हा माळ्यावर जातात. काही वर्षांपूर्वी घरात नवे बाळ आले होते. पूर्वजांची आठवण म्हणून ते बोंडले बाळासाठी वापरावे, असे कोणीतरी सहज सुचविले. तेव्हा कोपऱ्यात वाती वळत बसलेली आजी मान वर न करताच म्हणाली, "ते राहू द्या वरच. त्यातून दूध प्यालेली माझी दोन लेकरं राहिली नाहीत."

त्या दुपारी तिने प्रथमच सविस्तर सांगितले. पहिला मुलगा वर्षाचा होईपर्यंत गुटगुटीत होता. मग त्याचे पोट वाढू लागले, हातपाय वाळले, तो रात्र रात्र रडू लागला. पोटाला हात लावला की उजव्या बाजूस कडक फळी लागे. पुढे डोळे पिवळे झाले आणि तीन-चार महिन्यांत सारे आटोपले. दुसऱ्या मुलाचेही असेच झाले. औषधे झाली, उतारे झाले. "लिव्हर झालं" एवढेच निदान घराघरांत ठाऊक होते. कारण मात्र प्रत्येकाने आपापल्या परीने शोधले होते आणि बहुतेकांचे बोट आजीकडेच वळले होते. तिचे दूध जड आहे, तिच्या कुशीत दोष आहे, तिने गरोदरपणी पथ्य पाळले नाही, असे बोलले गेले. हे ओझे तिने पन्नास वर्षांहून अधिक काळ वाहिले.

आजीची मुले याच दुखण्याने गेली, असे आज सिद्ध करता येणार नाही. पण तिने सांगितलेली लक्षणे वैद्यकीय ग्रंथांतील एका आजाराच्या वर्णनाशी तंतोतंत जुळतात. त्या आजाराचे कारण शोधण्याच्या कामात आपल्या महाराष्ट्राचा, विशेषतः पुण्याचा, मोठा वाटा आहे. वाचकांनी तो शोध जाणून घ्यावा, कारण मुलांच्या यकृताचे अनाकलनीय आजार आजही उद्भवतात आणि त्यांचा माग काढण्याची रीत तीच आहे.

शंभर वर्षांचे कोडे

वैद्यकशास्त्रात या आजारास 'इंडियन चाइल्डहुड सिऱ्हॉसिस', म्हणजे भारतीय बालकांतील यकृत-काठिण्य, असे नाव पडले. कलकत्त्याच्या डॉ. सेन यांनी १८८७ मध्ये त्याचे पहिले वर्णन केले. साधारण सहा महिने ते पाच वर्षे, त्यातही एक ते तीन वर्षे वयाच्या मुलांना तो गाठीत असे. आरंभी चिडचिड, मंद ताप, भूक मंदावणे. मग यकृत वाढून दगडासारखे कठीण होणे. पुढे कावीळ, पोटात पाणी, रक्तस्राव आणि अंत. कावीळ दिसू लागल्यावर मूल वाचल्याची उदाहरणे फारच थोडी.

या आजाराच्या काही खुणा चक्रावून टाकणाऱ्या होत्या. तो प्रामुख्याने भारतात आढळे. एकाच घरात दोन-तीन भावंडे पाठोपाठ दगावत. गरिबीत, कुपोषणात वाढलेल्या मुलांपेक्षा खाऊनपिऊन सुखी, दूधदुभते असलेल्या घरांत तो अधिक दिसे. काही समाजांत तो वारंवार आढळे, तर त्याच गावातील दुसऱ्या समाजांत जवळपास नसे. घरात दुभती जनावरे, शाकाहार, मुलाला भरपूर दूध मिळावे ही हौस, असे अनेक पीडित कुटुंबांचे चित्र होते. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या आजोळी असेच घर असेल.

भावंडांत आढळतो म्हणून तो आनुवंशिक असावा, असे काहींनी मानले. कोणी विषाणूचा संशय घेतला, कोणी अन्नावरील बुरशीच्या विषाचा, कोणी मातेच्या आहाराचा. प्रत्येक तर्काला थोडा आधार होता. परंतु सगळ्या खुणा एकत्र जुळवून दाखवील असा एकही नव्हता.

सूक्ष्मदर्शकाखालील तपकिरी कण

धागा हाती लागला तो १९७८ मध्ये. लंडनमधील संशोधकांनी अशा मुलांच्या यकृताचे पातळ काप ऑर्सीन नावाच्या रंगद्रव्याने रंगविले, तेव्हा पेशींमध्ये गडद तपकिरी कण दाटून आलेले दिसले. तांब्याशी बांधल्या गेलेल्या प्रथिनांची ती खूण होती. पुढच्याच वर्षी हान्स पॉपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही या यकृतांतील तांब्यावर प्रकाश टाकला. निरोगी यकृतात कोरड्या वजनाच्या दर ग्रॅममागे साधारण ५० मायक्रोग्रॅमपर्यंत तांबे असते. या मुलांमध्ये ते अनेकदा हजार मायक्रोग्रॅमच्या घरात वा त्याहूनही अधिक भरे.

आता प्रश्न उरला की हे तांबे येते कोठून? शरीराला तांबे बाहेर टाकता येत नाही म्हणून ते साठते, की बाहेरूनच प्रमाणाबाहेर येते?

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञ डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित आणि ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला. प्रयोगशाळेइतकेच लक्ष त्यांनी स्वयंपाकघराकडे दिले. बाळाला वरचे दूध केव्हा सुरू केले? कोणत्या जनावराचे? दूध कशात तापवता, कशात साठवता, कशातून पाजता? भांड्याला कल्हई आहे का? आजारी मुलाच्या घरी विचारलेले हेच प्रश्न त्यांनी तशाच वयाच्या निरोगी मुलांच्या घरीही विचारले आणि दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी ठेवली.

तुलनेतून निघालेले उत्तर १९८३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि १९८७ मधील जोडीजोडीच्या तुलनेने ते अधिक पक्के झाले. आजारी मुलांना आईच्या दुधाऐवजी वा त्यासोबत जनावराचे दूध फार लवकर सुरू झाले होते आणि ते दूध पितळेच्या वा तांब्याच्या भांड्यात तापविलेले अथवा साठविलेले होते. निरोगी मुलांच्या घरी असे कमी आढळले.

पितळ, कल्हई आणि दूध

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. चिंच, ताक, लिंबू असे आंबट पदार्थ बिनकल्हईच्या पितळेत कळकतात, हे आपल्या आज्यांना पुरते ठाऊक होते. म्हणूनच दर काही महिन्यांनी कल्हईवाल्याची हाक ऐकू आली की भांडी बाहेर निघत. नवसागर टाकून, भाता चालवून, कापसाच्या बोळ्याने तो कथलाचा चकचकीत थर भांड्याच्या आत फिरवीत असे. हा थर अन्न आणि पितळ यांच्यामधला पडदा होता.

दुधाच्या बाबतीत मात्र हा सावधपणा तितका कठोर नव्हता. दूध आंबट नाही. पितळेत ठेवले तरी ते हिरवे पडत नाही, चवही फारशी पालटत नाही. पुढील प्रयोगांनी दाखविले की दूध पितळेतील तांबे झपाट्याने ओढून घेते आणि ते तांबे दुधातील केसीन या प्रथिनाला बांधले जाते. साध्या पाण्यात तांबे त्या मानाने फारच कमी उतरते. पितळी कळशीतले पाणी पिऊन घरातील थोरांना काही होत नसे आणि त्याच घरातील बाळ दुधापायी आजारी पडे, याचे एक कारण हे.

दुसरे कारण बाळाच्या शरीरात आहे. जन्मतःच बाळाच्या यकृतात तांब्याचा साठा मोठ्या माणसापेक्षा जास्त असतो, कारण आईच्या दुधात तांबे थोडे असते आणि पुढचे काही महिने त्याला हीच शिदोरी पुरवायची असते. नको असलेले तांबे पित्तावाटे बाहेर टाकण्याची यंत्रणा मात्र या वयात पूर्ण तयार नसते. अशा वेळी आधीच भरलेल्या कोठारात दररोज दुधातून तांब्याची भर पडत राहिली, तर यकृताच्या पेशी हळूहळू निकामी होतात. मोठ्या माणसाच्या ताटात दूध हा एक पदार्थ असतो. बाळाचे तर सारे अन्नच दूध.

आता त्या चक्रावणाऱ्या खुणा पुन्हा पाहाव्यात. सुखवस्तू घरांत आजार अधिक, कारण तेथे वरचे दूध होते आणि घासूनपुसून लखलखीत ठेवलेली पितळी भांडीही होती. भावंडांत आजार, कारण चूल, चरवी आणि बोंडले तेच. समाजासमाजांत फरक, कारण भांड्यांची आणि कल्हईची रीत निरनिराळी. ज्या घरी बाळ दीर्घकाळ केवळ अंगावर पीत होते, त्या घरात पितळ असूनही ते बहुधा सुरक्षित राहिले. ज्या आईच्या दुधाला दोष दिला गेला, तेच दूध खरे तर बाळाचे संरक्षण करीत होते.

प्रत्येक पितळी भांड्याच्या घरात हा आजार झाला नाही, हेही खरे. काही मुलांत मूळचीच आनुवंशिक दुर्बलता असावी आणि तांब्याने ती उघडी पाडली असावी, असे अनेक तज्ज्ञ मानतात; तांबे हे मूळ कारण की आजाराचा परिणाम, यावर काही विकृतिशास्त्रज्ञांनी मतभेदही नोंदविला. या बाबतीत ऑस्ट्रियातील टिरोल प्रांताचा दाखला बोलका आहे. तेथील डोंगराळ शेतकरी कुटुंबांत १९०० ते १९७४ या काळात १३८ लहान मुले अशाच आजाराने दगावल्याची नोंद १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. तेथे आनुवंशिकतेच्या खुणा होत्या. आणि गाईचे दूध बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यात उकळून बाळाला देण्याची रीतही होती. नवी भांडी आली तसा आजार ओसरला. रक्तातला वारसा तोच राहिला, चुलीवरचे भांडे बदलले.

आपल्याकडेही तसेच घडले. बाळाच्या दुधासाठी पितळ वापरू नये, हा साधा सल्ला पुणे परिसरातील कुटुंबांना दिला गेला. त्याच काळात बोहारणीच्या टोपलीतून जुन्या लुगड्यांच्या बदल्यात स्टीलची पातेली घरोघर येत होती आणि पितळ मोडीत जात होते. आजार फार पुढे गेलेला नसेल, तर पेनिसिलामिन या तांबे बाहेर काढणाऱ्या औषधाने काही मुले वाचू शकतात, हेही याच चमूने १९८७ मध्ये दाखविले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस पुण्यात हा आजार दुर्मीळ झाला. ज्याने शंभर वर्षे पाळणे रिकामे केले, त्याचे नावही आजच्या तरुण माता-पित्यांना ठाऊक नाही.

आणखी दोन शोध

मुलांच्या यकृताची सारीच कोडी तांब्याची नसतात. पश्चिम उत्तर प्रदेशातील बिजनौर, सहारनपूर या भागांत कित्येक वर्षे हिवाळ्याच्या तोंडावर खेड्यांतील दोन ते चार वर्षांची मुले अचानक उलट्या होऊन बेशुद्ध पडत आणि दोन-चार दिवसांत दगावत. मेंदूज्वर म्हणून विषाणूचा शोध चालू होता. बिजनौरचे बालरोगतज्ज्ञ डॉ. विपिन वशिष्ठ, वेल्लोरचे ज्येष्ठ विषाणुतज्ज्ञ डॉ. टी. जेकब जॉन आणि सहकाऱ्यांनी पुन्हा तीच रीत अवलंबिली. आजारी मुलाने काय खाल्ले आणि शेजारच्या निरोगी मुलाने काय खाल्ले, हे त्यांनी पडताळले. उत्तर निघाले कसौंदीच्या शेंगांचे. खेळता खेळता मुलांनी खाल्लेल्या त्या बियांनी यकृत, स्नायू आणि मेंदू यांवर घाला घातला होता. २००७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ही वनस्पती आपल्याकडे कासविंदा नावाने ओळखली जाते आणि पडीक जमिनीत, रस्त्याकडेला सहज उगवते. पिवळी फुले आणि लांबट शेंगा असलेल्या या झुडपापासून गावाकडच्या मुलांना दूर ठेवावे.

अलीकडचा दाखला २०२२ सालचा. स्कॉटलंडमध्ये निरोगी, लहान मुलांना तीव्र कावीळ होऊ लागली. हेपटायटिसच्या ए पासून ई पर्यंतच्या नेहमीच्या पाचही विषाणूंचा मागमूस नव्हता. ५ एप्रिल २०२२ रोजी ही वार्ता जागतिक आरोग्य संघटनेस कळविण्यात आली. मग एक व्याख्या ठरवून मोजणी झाली: वय सोळा वर्षांपर्यंत, यकृताची विकरे ५०० च्या वर, नेहमीचे विषाणू नाहीत. जुलैच्या ८ तारखेपर्यंत ३५ देशांतून १०१० संभाव्य रुग्णांची नोंद झाली. त्यांपैकी ४६ मुलांना यकृत-प्रत्यारोपण करावे लागले आणि २२ मुले दगावली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात बहुसंख्य रुग्णांत एएव्ही-२ हा एरवी निरुपद्रवी मानला गेलेला विषाणू आढळला. त्याला वाढीसाठी ॲडिनोसारख्या दुसऱ्या विषाणूची साथ लागते. स्कॉटलंडमधील रुग्णांत एक विशिष्ट जनुकीय ठेवणही वारंवार दिसली. येथेही बाहेरून आलेले कारण आणि जन्मजात प्रवृत्ती यांची सांगड असावी, असेच दिसते.

पुणे, बिजनौर आणि स्कॉटलंड या तिन्ही ठिकाणी शोध पुढे सरकला तो आई-वडिलांनी दिलेल्या खऱ्या, बारीकसारीक माहितीवर आणि निरोगी मुलांशी केलेल्या तुलनेवर.

आपल्या घरासाठी

दोन आठवड्यांनंतरही नवजात बाळाची कावीळ ओसरत नसेल, विशेषतः शौचाचा रंग पांढरट वा मातकट असेल, तर एक दिवसही दवडू नये. पित्तनलिका बंद असण्याचा तो इशारा असू शकतो आणि त्यावरील शस्त्रक्रिया साठ दिवसांच्या आत झाल्यास यशाची शक्यता अधिक असते. मोठ्या मुलाला कावीळ असताना सतत उलट्या, असंबद्ध बोलणे, अकारण चिडणे, दिवसा झोपून रात्री जागणे, नाकातून वा हिरड्यांतून रक्त येणे यांपैकी काहीही दिसले तर तत्काळ मोठे रुग्णालय गाठावे. कावीळ उतरवण्यासाठी कोणाकडे तरी नेण्यात गेलेले दोन दिवस पुन्हा हाती येत नाहीत.

डॉक्टरांसमोर बसल्यावर काहीही लपवू नये. घरचे चूर्ण, काढा, भस्म, शेजारणीने दिलेली गुटी, सारे सांगावे. जमल्यास पुडी वा बाटली सोबत न्यावी. तापाचे पॅरासिटामॉल किती वेळा आणि किती दिले, हे सांगावे. त्याचे थेंब आणि पातळ औषध यांची तीव्रता भिन्न असते, सर्दीच्या अनेक औषधांतही ते मिसळलेले असते, त्यामुळे नकळत मात्रा दुप्पट होते. उंदीर मारण्याच्या काही मलमांत पिवळा फॉस्फरस असतो. त्याचा अल्पसा अंशही लहान मुलाचे यकृत निकामी करू शकतो, म्हणून असे मलम घरात ठेवूच नये. भावंडांपैकी कोणाला यकृताचा आजार झाला असेल तर तेही सांगावे, कारण 'विल्सन' नावाचा तांबे साठण्याचा आनुवंशिक आजार वेळीच ओळखल्यास औषधाने आटोक्यात राहतो आणि भावंडांची तपासणी करून तो आधीच पकडता येतो. हेपटायटिस बी ची लस जन्मापासून चोवीस तासांत मिळाली का, हे पाहावे. हेपटायटिस ए च्या लसीविषयीही बालरोगतज्ज्ञांना विचारावे. आपल्या घरांतील उकळून गाळलेल्या पाण्याचा नियम या बाबतीतही हिताचाच आहे.

आणि राहिली तांब्या-पितळेची भांडी. सध्या ती पुन्हा हौसेने घेतली जात आहेत. निरोगी मोठ्या माणसाने तांब्याच्या तांब्यातील साधे पाणी पिण्यास हरकत नाही. परंतु दूध, ताक, लिंबूपाणी यांसाठी बिनकल्हईचे तांबे-पितळ वापरू नये. दोन वर्षांखालील बाळाचे दूध तापवणे, साठवणे, पाजणे, सारे स्टीलमध्ये करावे. आणि पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये.

हे सारे वाचून, विचारून झाल्यावर मी एके संध्याकाळी आजीजवळ बसलो आणि तिला समजेल अशा शब्दांत भांड्याची, दुधाची, पुण्याच्या डॉक्टरांची हकिगत सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने एवढेच विचारले, "म्हणजे माझ्या दुधात काही नव्हतं ना रे, बाळा?"

"नव्हतं, आजी. काही नव्हतं."

तिने पदराने डोळे टिपले आणि पुन्हा वाती वळायला घेतल्या. ज्या घरात अशी जुनी आठवण असेल, तेथील वडीलधाऱ्या स्त्रीला ही हकिगत कोणीतरी अवश्य वाचून दाखवावी.